एच.यू.एफ.मधला एच

भोईवाड्याचा गाळा कोणाला द्यायचा, यावर येलव्यांच्या घरात कधीच वाद नव्हता. गाळ्याच्या मालकीण कौसल्याबाई; त्यांचा अजित एकुलता एक, त्याला महापालिकेची पेन्शन. त्यानं तो गाळा आपल्या मुलासाठी, सम्यकसाठी, केव्हाच सोडला होता आणि सोडल्याचं वर्षातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवलं होतं. वाद पेटला तो कसा द्यायचा यावर. आणि पेटवला कोणी, तर तीन इंग्रजी अक्षरांनी.

ती अक्षरं सम्यकनं दोन आठवडे घरात मोकळी फिरवली होती. जेवताना, चप्पल घालताना, लिफ्टची वाट बघताना. "एच.यू.एफ. करू या, आजी. भाड्यावरचा सगळा टॅक्स वाचतो." कोणी फुल फॉर्म विचारला नाही. ह्या घराला अक्षरांची सवय होती. बी.डी.डी., पी.एफ., व्ही.आर.एस. अक्षरं येतात, त्यांच्या पाठोपाठ थोडे पैसे येतात किंवा जातात. अर्थ विचारून कोणाचं काय भलं झालंय?

सम्यकच्या डोक्यात हे शिरलं ते राहुलमुळे. राहुल त्याचा कॉलेजातला मित्र, आता न्यू जर्सीला. व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेला, "आम्ही दोघं एकच रिटर्न भरतो रे. नवरा-बायको मिळून एक." वाक्य टॅक्सचं होतं, पण सम्यकला ते प्रेमाचं वाटलं. शेफालीशी रजिस्टर लग्न करताना काय काय झालं होतं ते त्याच्या अजून अंगावर होतं. वरळी कोळीवाड्यातले तिचे वडील रघू आठ महिने बोललेच नव्हते. इकडे नायगावात त्याची आई वैशाली बोलत होती, आणि ते जास्त महाग पडलं होतं. एवढं सोसल्यावर सरकारच्या एखाद्या कागदावर तरी आपण दोघं एका ओळीत दिसावं, असं त्याला वाटू लागलं.

"तसा रकाना आपल्याकडे नाही," करसल्लागार रमाकांत म्हणाले होते. "इथे नवरा वेगळा, बायको वेगळी. तुमचं लग्न झालंय की नाही, याच्याशी स्लॅबला काही कर्तव्य नसतं. एकत्र यायचं एकच दार आहे. एच.यू.एफ. आजींनी मृत्युपत्रात गाळा तुम्हा दोघांच्या एच.यू.एफ.ला लिहून दिला, की पुढे भाड्याचा हिशेब वेगळा. तुमच्या पगारात मिसळत नाही."

आणि मग ठरला रविवार.

*

रमाकांत गिरगावच्या फणसवाडीतून बसनं आले. नायगावच्या नव्या टॉवरची लिफ्ट, लॉबीतला तो थंडगार संगमरवर, चौदावा मजला, सगळं त्यांनी करसल्लागाराच्या नजरेनं बघून घेतलं आणि दारात उभं राहून कौसल्याबाईंना हात जोडले.

"जय भीम, आजी."

"नमस्कार, नमस्कार," कौसल्याबाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांचं चलन वापरलं आणि दोघंही थोडे अवघडले. वैशालीला हसू आलं. ते तिनं ओढणीत पुसलं.

कौसल्याबाई हॉलमध्ये खालीच बसल्या होत्या. समोर परात, परातीत कोळंबी. शेफालीच्या आईनं, रखमानं, सकाळीच धाडलेली. रखमा मासळी विकायची, पण लेकीच्या घरी धाडायची ती विकण्याजोगी नसायची. विकण्याहून चांगली असायची. लग्नाला तोंडानं होकार न देता रखमानं तो दर रविवारी पिशवीतून पाठवला होता, आणि वैशालीनंही तोंडानं न स्वीकारता तो दर रविवारी शिजवला होता. ह्या दोन बायका अजून एकमेकींशी चार वाक्यांच्या वर बोलल्या नव्हत्या, पण व्यवहार चोख होता.

"बसा खुर्चीवर," कौसल्याबाई रमाकांतना म्हणाल्या. "माझे हात वासाचे हायत. सही करायची वेळ आली की धुते."

"सावकाश, आजी. मसुदा तयारच आहे. फक्त गाळ्याचं कलम घालायचंय." त्यांनी लॅपटॉप उघडला. "तर लाभार्थी, सम्यक अजित येलवे, एच.यू.एफ."

अजित खिडकीपाशी उभा होता. खाली अजून पाडायच्या राहिलेल्या चाळींची कौलं दिसायची, ती बघत. त्याचं ह्या सगळ्याकडे लक्ष नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. पण अजितनं उभी हयात जकात नाक्यावर काढली होती. ट्रकवर काय लादलंय हे ताडपत्री न उचलता ओळखायचं, हेच त्याचं काम. जकात बंद झाली, त्याला मालमत्ता कराकडे धाडलं, तो निवृत्त झाला, तरी ती सवय गेली नाही.

"फुल फॉर्म काय ह्याचा?" त्यानं विचारलं.

सम्यक म्हणाला, "पप्पा, ते टेक्निकल आहे."

"टेक्निकलच विचारतोय."

रमाकांत भाबडेपणानं म्हणाले, "हिंदू अनडिव्हायडेड फॅमिली. हिंदू अविभक्त कुटुंब."

परातीत कोळंबीचं एक साल पडलं. तेवढंच ऐकू आलं.

*

वैशालीनं आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत चौथीचे वर्ग सांभाळले होते. वर्गात काच फुटली की आधी कोणाकडे बघायचं, हे तिला नीट माहीत होतं. तिनं सुनेकडे बघितलं.

शेफाली दारापाशी उभी होती, हातात पाण्याचा ग्लास. त्या नजरेचा अर्थ तिला बरोबर लागला: हे तुझ्या घरून आलंय. तिच्या घरून कोळंबीखेरीज काही आलेलं नव्हतं. पण आता ती 'चालेल' म्हणाली तर कोळ्यांच्या, हिंदूंच्या पोरीला काय, तिचं काय जातंय. आणि 'नको' म्हणाली तर बघा, कशी शहाणपणा शिकवते. दोन्हीकडून तोटाच. तिनं ग्लास रमाकांतांच्या पुढ्यात ठेवला.

"तसं काही नाही हो, साहेब," रमाकांत अजितला समजावू लागले. "हा नुसता कायद्यातला शब्द. कायद्याच्या दृष्टीनं ह्यात बौद्ध, जैन, शीख, सगळे आले."

"कायद्यात आले," अजित म्हणाला. "मग माझा बाप छप्पन साली निघाला तो कशातून?"

"पप्पा, पॅन कार्डावर नुसतं एच.यू.एफ. येतं," सम्यक म्हणाला. "अख्खा शब्द कुठेच नसतो. एच म्हणजे काय वाटेल ते समजा. हॅपी समजा. हॅपी अनडिव्हायडेड फॅमिली."

"हो ना," वैशाली पुढे सरसावली. तिला भांडण नको होतं आणि टॅक्स वाचायला हवा होता, आणि दोन्ही एकाच वाक्यात बसतील असं तिला वाटलं. "साहेब, मृत्युपत्रातही नुसतं एचच टाकायचं ना? इंग्रजीत. पुढे टिंब."

"टिंब!" अजित म्हणाला. "वैशाली, तू चौथीच्या पोरांना हेच शिकवलंस का? अडचणीचा शब्द आला की पहिलं अक्षर आणि टिंब?"

"तुम्ही मला ओरडू नका. फुल फॉर्म तुम्ही विचारलात. मी विचारला नव्हता."

हे मात्र खरं होतं.

"आये, तू बोल," अजित म्हणाला. "तुझा गाळा, तुझी सही. तू सांग ह्यांना."

कौसल्याबाईंनी एका कोळंबीच्या पाठीवर नखानं चीर पाडली, काळा दोरा अलगद ओढून काढला आणि परातीच्या कडेला लावला.

"लिहू दे की," त्या म्हणाल्या.

*

अजितला हे उत्तर नवीन नव्हतं. हेच उत्तर त्यानं तेविसाव्या वर्षी ऐकलं होतं. जुन्या चाळीतल्या एका खोलीत, पडद्याच्या अलीकडे पडून.

कस्टमची परीक्षा तो पास झाला होता. केंद्राची नोकरी, पांढरा युनिफॉर्म, बंदरावर रुबाब. दाखला मागितला तेव्हा शाळेच्या दाखल्यावर त्याच्या बापानं, रामजींनी, लिहिलेला शब्द होता: बौद्ध. राज्याच्या नोकरीत तो चालायचा. केंद्रात तेव्हा बौद्ध झालेल्यांना सवलत नव्हती. चाळीतल्या बऱ्याच बापांनी यावर सोपी तोड काढली होती. घरात बुद्धवंदना, दाखल्यावर जुनी जात आणि जुना धर्म. त्यांची पोरं रेल्वेत लागली, पोस्टात लागली, साहेब झाली. रामजींना चार जणांनी सांगितलं, की एक प्रतिज्ञापत्र करा, तो शब्द बदला, पोराचं भलं होईल. पडद्यापलीकडून कौसल्याबाई रडून सांगत होत्या, "लिहू दे की हो. कागदावरच तर हाय." आणि रामजी एवढंच म्हणाले होते, "कागदावरचं कागदावर राहत नाही."

पुढे काही वर्षांनी कायदा बदलला. तोवर अजितचं वय निघून गेलं होतं. कस्टमचा साहेब व्हायचा तो जकातीचा कारकून झाला. कर वसूल करण्यावाचून सुटका नव्हती, फक्त बंदराऐवजी मुलुंडचा नाका.

ह्या गोष्टीवर बापलेक पुन्हा कधी बोलले नाहीत. रामजी गेले तेव्हा अजित रडला, पण थोडं राखून रडला.

म्हणून सम्यकनं मनात मांडलेला हिशेब असा होता: पप्पांचं त्या शब्दानं नुकसान केलंय, तेव्हा पप्पाच सगळ्यात आधी म्हणतील, लिही रे, काय ठेवलंय शब्दात. हिशेब तर्काला धरून होता. फक्त माणसं तशी जमा होत नाहीत.

"लिहू दे?" अजित म्हणाला. "आये, माझ्या वेळी नाही लिहिलं. अख्खी नोकरी गेली तरी नाही लिहिलं. आणि आता भाड्यावरच्या टॅक्ससाठी लिहायचं? मग माझी नोकरी कशासाठी गेली?"

"म्हणूनच ना, पप्पा," सम्यक म्हणाला. "आजोबांनी हट्ट केला, तुम्ही भोगलंत. परत कशाला तेच?"

"हट्ट?" अजित त्याच्याकडे वळला. "ऐक. तुझ्या आजोबांना तो शब्द फुकट मिळाला. दीक्षाभूमीवर नाही, इथेच, दादरला, उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि मिळाला. तुला तर जन्मतःच मिळाला, नावासकट. ह्या घरात त्याची किंमत मी एकट्यानं मोजलीय. आता तू तो इतका स्वस्तात सोडलास, तर मी मूर्ख ठरतो रे. बाकी काही नाही. चाळीस वर्षांनी मी मूर्ख ठरतो."

हॅपीचा विनोद त्याला आता आपल्याच शर्टावरच्या डागासारखा दिसत होता. पण मागे सरायचं, तर ज्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या एका ओळीचं काय? तो आणि शेफाली एकत्र, ती ओळ?

"रमाकांत काका," तो म्हणाला, "दुसरं काहीच नाही का? दोघांचं मिळून?"

"मिळून म्हणाल, तर हेच."

*

शेफाली फिजिओथेरपिस्ट होती. परळपासून माटुंग्यापर्यंत घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायची. दुखणं एकीकडे असतं आणि माणूस दुसरीकडे बोट दाखवतो, हे तिला रोजचं होतं. पहिल्या शब्दावर तिनं तोंड उघडलं असतं तर ते कोणाच्याच उपयोगी पडलं नसतं. तिनं पुढच्या शब्दांना हात घातला.

"काका, ह्या एच.यू.एफ.मध्ये सम्यक कोण?"

"कर्ता."

"म्हणजे?"

"कुटुंबाचा व्यवहार बघणारा. सह्या त्याच्या, बँकेचं खातं तो चालवणार, गाळा भाड्यानं द्यायचा तर करार तो करणार."

"आणि मी?"

"आपण सदस्य. मेंबर."

"मी कर्ता होऊ शकते?"

रमाकांतनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांना गिरगावात फारसा कोणी विचारला नसावा. "मुलगी होऊ शकते. तसा कोर्टाचा निकाल आहे. पण सून... पत्नी म्हणून आलेली... नाही."

"बरं. आणि उद्या आमचं नाही पटलं, मी म्हटलं माझा हिस्सा वेगळा करा?"

"अशुभ कशाला बोलतेस?" वैशाली म्हणाली.

"मम्मी, मृत्युपत्र करतोय आपण. शुभ काय आहे त्यात?"

कौसल्याबाई खुदकन हसल्या.

"वाटणी झाली तर पत्नीला हिस्सा मिळतो," रमाकांत म्हणाले. "पण वाटणी करा, असं तिला स्वतःहून मागता येत नाही."

शेफाली सम्यककडे वळली. आवाज चढवला नाही. कोळीवाड्यातल्या बायका भाव करताना चढवतात, ठरवताना नाही.

"सम्या, माझ्या घरी दर्यात पप्पा जातात. पण माल बंदराला लागला की पैशाला हात लावतात का ते? सगळं आईकडे. दोरीपासून डिझेलपर्यंत. पप्पांना चहाला पैसे लागले तरी आईकडे मागतात. तिथून मी आले. आणि तू मला प्रेमानं काय आणलंस, तर मेंबरशिप?"

"अगं, मी त्या अर्थानं..."

"तू अर्थच नाही विचारलास. तुझ्या पप्पांनी पहिल्या शब्दाचा विचारला, मी शेवटच्याचा विचारला, फॅमिलीचा. तू नुसती अक्षरं घेऊन आलास."

परातीतले हात थांबले होते. कौसल्याबाई कोळंबी सोलत नव्हत्या. भिंतीवर रामजींचा फोटो होता, तिकडे त्या बघत होत्या. भक्तीनं नव्हे. उधारी राहिलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशा.

भोईवाड्याच्या त्या गाळ्यात त्यांनी तेवीस वर्षं खानावळ चालवली होती. पहाटे भाकऱ्या, दुपारी डबे, रात्री पाळीवरून सुटलेल्यांची पंगत. गिरणी संपाच्या वर्षात उधारीवर जेवलेली माणसं अजून भेटली की पाया पडत. गाळा त्यांच्या नावावर होता तोही काही मायेपोटी नव्हे. संपात घेणेकरी मिलमधल्या नवऱ्याच्या दारात येतील, बायकोच्या नावावर असलेलं वाचेल, एवढाच हिशेब. दारावर पत्र्याची पाटी होती: येलवे खानावळ. मालक: रामजी स. येलवे. मालक संध्याकाळी गल्ल्यावर बसायचे आणि पेपर वाचायचे.

"पाटीवर त्यांचं नाव व्हतं," कौसल्याबाई म्हणाल्या. "मला तवा कोणी इचारलं असतं, बाई तू कोण, तर काय सांगणार व्हते? वाढणारी." त्यांनी रमाकांतना विचारलं, "त्यालाच मेंबर म्हणतात काय, साहेब?"

रमाकांतनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. हुशार माणूस.

"नको ते," त्या म्हणाल्या. "लिहू नका ते. पयला शब्द गेला चुलीत, मला शेवटचा नको."

"मग गाळा कोणाला, आजी?" सम्यकनं विचारलं.

"टॅक्सचंच बघायचं असेल," रमाकांत हळूच म्हणाले, "तर सगळा शेफालीताईंच्या नावे लिहा. त्यांचं उत्पन्न कमी आहे. आजेसासऱ्यांकडून... म्हणजे आजेसासूकडून आलेलं, त्यात काही अडचण नाही. आजच्या नियमानं त्यांना जवळजवळ काहीच भरावं लागणार नाही."

वाचवायची ती सगळी रक्कम अशी एका वाक्यात समोर येऊन पडली, कर्त्याशिवाय आणि एचशिवाय. आणि गंमत अशी, की कोणालाच ती उचलावीशी वाटेना. वैशालीनं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं. एक होऊ या म्हणणारा सम्यक एकाएकी नखं बघू लागला. अजितनं हे सगळं ताडपत्री न उचलता बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला मुलाची कीव आली.

"बघ," शेफाली सम्यकला म्हणाली. "आता कळलं मेंबरला कसं वाटतं?"

सम्यकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो हसला. उशिरा, पण खरं.

"अर्धा-अर्धा," कौसल्याबाई म्हणाल्या. "अर्धा ह्याचा, अर्धा तिचा. दोघांची नावं, पूर्ण. एकाखाली एक नको, शेजारी-शेजारी लिहा."

"आजी, मग माझ्या अर्ध्यावर टॅक्स बसेल," सम्यक म्हणाला.

"बसू दे. रस्त्यानं चालतोस ना?"

"आणि रिटर्न दोघांनी वेगवेगळंच भरायचं?"

"एका घरात राहता, एका ताटात खाता. अजून किती एक व्हायचंय? सरकारला तरी वेगवेगळे दिसा."

*

मसुदा सुधारला. सम्यकच्या प्रिंटरमधून दोन पानं सरकत आली. समोरच्या फ्लॅटमधल्या जगदीशला साक्षीदार म्हणून बोलावलं. तो लुंगीवर आला आणि मृत्युपत्र म्हटल्यावर परत जाऊन पँट घालून आला.

अजित पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला होता. तसं बघितलं तर तो जिंकला होता. तो शब्द लिहिला जाणार नव्हता. पण शब्द पडला तो शेफालीच्या प्रश्नानं, आईच्या पाटीनं. त्यानं जे मांडलं होतं, ते कोणी उचललंच नव्हतं. त्याच्या बाजूनं निकाल लागला, पण त्याच्या कारणानं नाही. आईनं तर साफ सांगितलं, पहिला शब्द गेला चुलीत. चाळीस वर्षं जपलेली पावती काउंटरवर द्यावी आणि पलीकडच्यानं म्हणावं, ही लागत नाही, तुमचं काम झालंय.

"अजित," कौसल्याबाई हात धुऊन, पदराला पुसत खुर्चीवर बसल्या. "तू वाच. तुझा आवाज नाक्यावरचा हाय, मला नीट ऐकू येतो."

अजितनं कागद घेतला. चष्मा लावला.

"मृत्युपत्र. मी, खाली सही करणार, श्रीमती कौसल्या रामजी येलवे, वय वर्षे चौऱ्याऐंशी, मुंबईची..."

तो थांबला.

"मुंबईची काय?" कौसल्याबाईंनी विचारलं.

सम्यकनं त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मुंबईची हिंदू रहिवासी.

"अरे देवा," रमाकांत उठलेच. "अहो, तो साचा आहे. आमच्या वडिलांपासूनचा. जुन्या कागदांत सगळ्यांनाच तसं लिहायचे, मी फक्त नावं बदलतो... माफ करा, साहेब. खरंच लक्षात आलं नाही. दोन मिनिटं द्या, बदलून पुन्हा काढतो."

"काढा," अजित म्हणाला. आवाज नाक्यावरचा नव्हता. त्यानं कागद पुढे केला.

सम्यकनं तो मधेच धरला.

"नका काढू," तो म्हणाला. "नवीन कागदावर नुसतं बरोबर दिसेल. काय चुकलं होतं ते कोणाला कळणार?" त्यानं रमाकांतना विचारलं, "खोडलं तर चालतं?"

"चालतं. फक्त खाडाखोडीपाशी आजींची सही लागेल. साक्षीदारांचीही."

सम्यकनं खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि बापापुढे धरलं.

"पप्पा, तुम्ही."

अजितनं त्याच्याकडे बघितलं. मग आईकडे. पहिला शब्द चुलीत घालणारी ती बाई आता पेन धरलेल्या हाताकडे बघत होती.

वैशालीनं टेबलावरची पाण्याचा चंबू बाजूला केला. कोणी सांगितलं नव्हतं. अजितनं कागद सपाट केला आणि शब्दावर एकच आडवी रेघ मारली. जकातीत शिकलेली रीत. गिरबटायचं नाही, खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, तपासणीला येणाऱ्याला कळलं पाहिजे की आधी काय होतं. मग रेघेच्या वर, कारकुनी वळणात, सावकाश लिहिलं: बौद्ध.

शाळेच्या दाखल्यावर रामजींचं अक्षर वेगळं होतं, उभं, कामगाराचं. शब्द तोच.

कौसल्याबाईंनी समासात सही केली. साक्षरता वर्गात शिकलेलं 'कौसल्या', 'स' आणि 'ल्या' यांच्यात थोडी दम खायची जागा सोडून. रमाकांतनी केली. जगदीशनं पँटचा मान राखून केली. मग खालच्या मोठ्या जागी तिघांच्या पुन्हा सह्या झाल्या, पण त्या आता नुसत्या कामाच्या होत्या.

कौसल्याबाईंनी कागद उचलला, समासातल्या ओल्या शाईवर फुंकर मारली आणि लेकासमोर धरला.

"घे. त्यांनी ऐकलं नाय माझं, ते बरं केलं का वाईट केलं, मला अजून ठाऊक नाय. पर त्याची किंमत तू भरलीस, ते मी बघितलंय." आणि मग, तिथेच थांबणं स्वभावात नसल्यामुळे, "आता जा, दाखव नेऊन तुझ्या कस्टमवाल्यांना."

अजितनं कागद घेतला. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, परत काढला.

"आज रविवार आहे, आये," तो म्हणाला. "बंद असेल."